आमच्या विहिरीत मी एक बाई सोडली

लग्न होऊन राजुरीला आल्यावर सहा महिन्यांच्या आत मी आमची विहीर बंद पाडली. विहिरीला पाणी होतं. मोटर धडधाकट होती. वीजसुद्धा अधूनमधून येत होती. फक्त विहिरीकडे जायला माणूस तयार नव्हतं, आणि त्याला कारण मी होते.

माझं माहेर मंचरचं. सीड्यांचा जमाना होता तेव्हा माझ्या थोरल्या भावाची तिथे सीडी भाड्याने द्यायची लायब्ररी होती. परत आलेली प्रत्येक सीडी कुठे अडकते का हे बघायचं काम माझ्याकडे. प्रेमाच्या आणि मारामारीच्या सीड्या लोक जपून वापरत. भुताच्या मात्र ओरखडे पाडूनच परत करत. (घाबरून घाईघाईने बाहेर ओढत असावेत.) त्यामुळे माझ्या वाट्याला भुतंच जास्त आली. देशी, विलायती, हिंदीत बोलणारी चिनी भुतं, सगळी मी भरदिवसा, भाजी निवडत पाहिली. भुतांना मी घाबरत नव्हते. मी घाबरत होते ते फक्त सासूबाईंना.

तसा त्यांचा काही दोष नव्हता. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्या गप्प बसत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावता लावता माझी भाकरी करपे. भाकरी करपली की त्या आणखी गप्प बसत.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कांदे निघाले होते. मळ्यातल्या चिंचेखाली ढीग लावून पात कापायचं काम चाललं होतं. आठदहा बायका गोलात बसायच्या. त्यांची पुढारीण हौसामावशी. शेजारच्या मळ्यातल्या आमच्या भावकीतल्या सुमनकाकूही हाताला हात म्हणून यायच्या. मी नवी सून, त्यामुळे ऐकायचं काम माझं. आणि पहिल्याच दुपारी मी ऐकलं काय, तर हौसामावशी विचारत होत्या, "काय गं सुमन, त्यो हवेलीचा बघितला का?"

"कंचा हवेलीचा? नळातनं रगात येतंय त्यो?"

"त्यो न्हाई. आरशाचा."

"आरशाचा लई भारी. पर लिफ्टच्यापुढं काय न्हाई."

माझ्या हातातला विळा थांबला. ह्या बायका भुताच्या सिनेमांविषयी बोलत होत्या. नावं कुणालाच ठाऊक नव्हती, पण सगळे सिनेमे तोंडपाठ होते. कुत्र्याचा, बाहुलीचा, पिंपळाचा, लिफ्टचा. सुमनकाकूंनी तर शास्त्रच तयार केलं होतं. "गाणं लागलं का समजायचं, आता धा मिंटं कोण मरत न्हाई. तेवढ्यात जाऊन च्या टाकून यायचा." हौसामावशींचा सगळ्यात आवडता सिनेमा त्यांनी जत्रेतल्या तंबूत, पडद्याच्या मागच्या बाजूने पाहिला होता. पुढे जागा नव्हती म्हणून. त्यामुळे त्यातलं भूत डावखुरं आहे असं त्या आजवर ठामपणे सांगत होत्या.

"तू बघितलायस का गं कंचा?" त्यांनी मला विचारलं.

आता इतके महिने मी त्या घरात मीठ किती घालू आणि पदर कुठवर घेऊ एवढ्याच विषयांवर तोंड उघडलं होतं. ज्या एका विषयात मला जगातलं सगळं येत होतं, तो आज पहिल्यांदा निघाला होता. आत्याबाई दहा पावलांवर पोती शिवत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या गप्प होत्या. मी म्हटलं, "बघितलाय एक. विहिरीचा."

तो सिनेमा परदेशातला होता. कुठल्याशा डोंगरावरची विहीर, त्यात पडलेली बाई, मग ती बाहेर येते वगैरे. मी डोंगर, धुकं, लाकडाची घरं असं वर्णन सुरू केलं, तर सुमनकाकूंनी जांभई दिली.

"तिकडची हीर कशी असती कुणाला ठावं," हौसामावशी म्हणाल्या. "डोळ्याम्होरं यीना."

जांभई माझ्या मनाला लागली. मी म्हटलं, "आपल्या विहिरीसारखीच होती. अगदी अशीच. बांधलेली, अर्ध्यात कपार असलेली, वर जांभळाचं झाड."

बायका सरळ बसल्या.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण समोर दहा बायका डोळे विस्फारून बसल्यात आणि कांदे हातातच राहिलेत, असं दृश्य आयुष्यात किती वेळा मिळतं? मी डोंगर काढून टाकला, मळा घातला. परदेशी बाईला नऊवारी नेसवली. तिला सासरच्यांनी ढकललं असं सांगितलं. आणि शेवटी, सिनेमात कुठेच नसलेलं एक वाक्य मी स्वतःच्या अकलेने घातलं. "जो कुणी वाकून आत बघतो ना, त्याला ती आधी हळूच हाक मारते. घशातून. घर्र करून."

एका बाईच्या मांडीवरचा कांदा घरंगळत गेला, तर बाजूची किंचाळली. सुमनकाकू म्हणाल्या, "आगं बया." मला त्या दिवशी वाटलं, राजुरीत आपलं बस्तान बसलं.

दुसऱ्या दिवशी पिण्याचं पाणी संपलं तेव्हा विहिरीवर कुणी जाईना. हौसामावशी म्हणाल्या, आज तहान न्हाई. भर एप्रिलात दहाही बायकांना तहान नव्हती.

मी हसून सोडून दिलं. पण तिसऱ्या दिवशी सुमनकाकू पिठाच्या गिरणीतून आल्या त्या थेट माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "वैशाली, एक सांगू का? कुणाला सांगू नगंस. तुमच्या हिरीत बाई हाय."

"काकू, ती मीच सांगितली होती. सिनेमातली."

"ती येगळी," काकू म्हणाल्या. "ही खरी हाय. तुझ्या आजेसासूच्या येळची. घरातल्यांनीच ढकलली म्हणं. नऊवारीत असती."

दोन दिवसांत माझी बाई आमच्या घराण्यात येऊन दाखल झाली होती. मी काकूंना हात जोडून सांगितलं, असं काही नाही हो, मी तिखटमीठ लावलं, नऊवारी मीच नेसवली. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळपर्यंत गिरणीवर बातमी पोचली की सुनेला सगळं ठाऊक आहे, पण सासूने बिचारीचं तोंड बंद केलंय.

आणि हे सगळं चाललं असताना रविवार जवळ येत होता. रविवारी माझ्या नणंदेला, सुरेखावन्संना, बघायला आळ्याहून पाहुणे यायचे होते. मुलाचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, स्वभावाने चांगला म्हणत होते, आणि वन्संनी त्याला एका लग्नात लांबून पाहून पसंतही केलं होतं. (हे फक्त मला ठाऊक होतं.) आळे काही लांब नाही. राजुरीत निघालेली बातमी तिथे पोचायला एस.टी.ची गरज नव्हती.

घरात कुणी मला काही बोललं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकदा जेवताना म्हणाले, "कामाच्या बायकांचं काय बिनसलंय कळंना." आत्याबाई गप्प. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. रोज आत्याबाईंच्या समोर गेलं की तोंडातून निघायचं, "चहा ठेवू का?" त्या चार दिवसांत आमच्या घरात जेवढा चहा झाला तेवढा दिवाळीतही होत नाही.

शुक्रवारी मला उपाय सुचला. मंचरच्या भावाला फोन केला, ती सीडी मागवली, आणि बायकांना दुपारी घरी बोलावलं. माहेराहून रुखवतात आलेला सीडी प्लेअर होताच. एकदा बाईला पडद्यावर बघितलं, गोरीपान, परदेशी, झग्यातली, की सगळ्यांची खात्री पटेल. आत्याबाईही येऊन दाराशी बसल्या. आता माघार नव्हती.

सिनेमा छान चालला होता. बायका हसत होत्या. हौसामावशी म्हणाल्या, "ही तर मेम हाय. हिचं आपल्यात काय काम?" मी मनातून सुटकेचा श्वास सोडला. मग विहीर आली. विहिरीच्या काठावर आधी एक हात आला. मग दुसरा. मग केस. बाई कमरेपर्यंत बाहेर आली, आणि सीडी अडकली.

ती अर्धी बाहेर, केस तोंडावर, तशीच पडद्यावर थांबली. थांबली म्हणजे अगदीच थांबली नाही. अडकलेली सीडी करते तशी थरथरत राहिली, आणि प्लेअरमधून आवाज यायला लागला, घर्र, घर्र, घर्र.

पहिल्या हौसामावशी उठल्या. त्यांच्यामागून सगळ्या. दारात एकाच वेळी नऊ बायका अडकल्या आणि दाराशी बसलेल्या आत्याबाई त्यांच्याखाली. मी प्लेअर बंद करायला धावले तर बटण दाबलं जाईना, शेवटी वायर उपटली. खोली रिकामी झाली होती. आत्याबाई पदर सारखा करत उठल्या आणि पहिल्यांदाच काहीतरी बोलल्या. "सीडी परत करताना सांग, खराब हाय म्हून."

रविवारी सकाळी हौसामावशी अंगणात आल्या. एरवी आरडाओरडा करणारी बाई, पण त्या दिवशी आवाज अगदी बारीक. "वैशाली, आज तिनं हाक मारली. मी बांधावरनं चालले व्हते. घर्र केलं."

"मावशी," मी दातओठ खाऊन म्हटलं, "ते घर्र मी केलंय. माझ्या डोक्यातून. सिनेमातसुद्धा ते नाही."

"आसंल," मावशी म्हणाल्या. "पर मी आयकलं."

दहा वाजता पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मुलगा खाली बघून बसला होता, वन्सं पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या, सगळं रीतसर चाललं होतं. मी आतल्या दाराआड उभी राहून देवाला आठवत होते. ओझरच्या विघ्नहराला नारळ कबूल करून झालं होतं. पोहे संपले, चहा झाला. मग मामांनी कप खाली ठेवला आणि मामंजींना म्हणाले, "पावणं, राग मानू नका. पर कानावर आलंय म्हून इचारतो. तुमच्या हिरीचं काय आयकतो आमी?"

मामंजी म्हणाले, "हिरीचं? पाणी चांगलं हाय की." त्यांना बिचाऱ्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

"पाण्याचं न्हाई. बाईचं."

मी दाराच्या फटीतून आत्याबाईंचा चेहरा पाहिला. त्या वन्संकडे बघत होत्या. वन्संच्या हातातला ट्रे हलत होता आणि त्यातल्या बश्यांचा बारीक आवाज येत होता. तो आवाज मला सहन झाला नाही. मी बाहेर आले, पदर घ्यायचा विसरले, आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सिनेमा मी सांगितला, मळा मी घातला, नऊवारी मी नेसवली, ढकललं ते मीच ढकललं, आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं नाही. शेवटी शेवटी मी रडत होते.

मामंजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. आत्याबाई गप्प.

पाहुण्यांचे मामा म्हणाले, "आता आमी काय समजायचं? घरची सून हाय, ती घराचीच बाजू घेणार."

"चला तुम्ही माझ्याबरोबर," मी म्हटलं. "आत्ता. मी वाकून बघते आणि हाक मारते. मग तर पटेल?"

सगळी वरात मळ्यात निघाली. पुढे मी, मागे पाहुणे, त्यांच्यामागे घरचे, आणि कुठून कळलं देव जाणे, बांधाबांधाने सुमनकाकू, हौसामावशी आणि बाकीच्या बायका, अंतर राखून. विहिरीपासून वीस पावलांवर सगळे थांबले. मी एकटी पुढे गेले. भुतांचे शेकडो सिनेमे पाहिलेली मी, एका हाताने कठडा धरला, वाकले आणि मोठ्याने म्हटलं, "काय गं, आहेस का?"

खालून उत्तर आलं. "घर्र."

सीडीसारखं नाही. खोलवरून, ओलसर, आणि चांगलंच रागावलेलं.

त्यानंतरच्या घटना मला इतरांनी सांगितल्या आहेत. मी म्हणे "आहे, आहे, ती खरंच आहे" असं ओरडत सुटले. पाहुण्यांच्या मामांना मी धडकले आणि त्यांना घेऊनच चिंचेखालच्या कांद्याच्या ढिगावर पडले. ढीग सुटला. आम्ही दोघं कांद्यांबरोबर पार पाटापर्यंत वाहत गेलो. घराची बदनामी पुसायला गेलेली सून पाहुण्यांचा सदरा गच्च धरून सांगत होती, "नऊवारीच आहे, मी बघितली." मी काहीही बघितलं नव्हतं. डोळे मिटलेले होते.

बायका केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. वन्संना रडू कोसळलं. तेवढ्यात तो मुलगा, जो सकाळपासून मान वर करत नव्हता, शांतपणे विहिरीकडे चालत गेला. मोटर काढायला रोज कुठल्या ना कुठल्या विहिरीत उतरणारा माणूस तो. त्याने वाकून बघितलं, जरा वेळ बघत राहिला, आणि वळून म्हणाला, "बाई न्हाई. वाघ हाय. कपारीत बसलाय."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आणि मग जे झालं ते मी आजही कुणाला सांगितलं तर पटत नाही. सगळ्यांना हायसं वाटलं.

"वाघच हाय व्हय," सुमनकाकू झाडामागून बाहेर आल्या. "मला वाटलं बाई."

"वाघ हाय, वाघ," हौसामावशींनी मागच्यांना हाक दिली. "या गं, भ्यायचं कारण न्हाई."

आठ दिवस ज्या विहिरीच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नव्हतं, तिच्याभोवती पाच मिनिटांत सगळ्या बायका कठड्याला रेलून उभ्या राहिल्या. "बिचारा भिजलाय." "भुकेला असंल." "कोंबडीमागं आला असंल." एका बाईने तर त्याला भाकरी टाकू का म्हणून विचारलं.

वनखात्याला फोन गेला. ती माणसं पिंजरा घेऊन येईपर्यंत त्याला पाण्यात पडू द्यायचं नव्हतं, म्हणून मामंजींनी घरातली बाज आणवली. सकाळी तिच्यावर पाहुणे बसले होते. चारी पायांना दोर बांधून ती खाली सोडली. बिबट्याने जरा वेळ तिच्याकडे बघितलं आणि मग पाहुण्यासारखा जाऊन बसला. दोराची एक बाजू मामंजी आणि हे, दुसरी मुलगा आणि त्याचे वडील. दुपारभर सगळे तसेच उभे. मामांनी कांद्यांत हरवलेल्या बुटांपैकी एक शोधला, दुसरा सापडला नाही, तसेच एका बुटात दोर धरायला आले. वन्सं सगळ्यांना पाणी देत फिरत होत्या आणि दोराच्या एका टोकाशी जरा जास्त वेळ थांबत होत्या. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलामुलीला पाच मिनिटं बोलायला मिळत नाही. ह्या दोघांना बिबट्यामुळे तीन तास मिळाले.

पिंजरा आला, बिबट्या सुखरूप वर निघाला, गाडीत चढला. मुलाच्या आईने तिथेच, मळ्यात, वन्संच्या हातात साडी ठेवली. मामा माझ्याजवळ आले. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "त्यो पिक्चर कंचा म्हणालात? आळेफाट्याला मिळंल का?"

पाहुणे गेल्यावर मी आत्याबाईंपुढे जाऊन उभी राहिले. चहाचं नाव काढलं नाही. त्या म्हणाल्या, "आठ दिस झोप न्हाई मला. येवढी सगळी सांगत्यात म्हणल्यावर मलाच वाटाया लागलं, कुणाला ढकललं व्हतं का काय आपुन, आन् इसारलो." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि विचारलं, "ती हिरीतनं भाईर आल्यावर पुढं काय करती गं? सीडी नेमकी तितंच अडाकली."

मी त्यांना शेवट सांगितला. ह्या वेळी सिनेमात होता तेवढाच.

सगळं गोड झालं असं म्हणता आलं असतं. पण जायच्या आधी वनखात्याचा एक कर्मचारी पंचनामा लिहायला बसला होता. "सगळ्यात आधी कुणाला कळलं?" त्याने विचारलं.

"आमच्या सूनबाईला," मामंजी सरळ चेहऱ्याने म्हणाले.

"त्या काय म्हणाल्या?"

"बाई हाय म्हणाल्या."

त्याने पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सांगितलं की जबाब जसाच्या तसा घ्यावा लागतो. त्यामुळे सरकारदरबारी कुठल्या तरी कपाटात आजही एक कागद असेल. त्यावर लिहिलंय, "सदर विहिरीत बाई असल्याचे या महिलेने प्रथम आरडाओरड करून सांगितले. प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर बाई ही बिबट्या, नर, वय अंदाजे चार वर्षे, असल्याचे आढळून आले." खाली माझी सही आहे, पूर्ण नावानिशी.